थडग्यावरचा न विटणारा चेहरा

इटलीतल्या जुन्या दफनभूमींत थडग्यांवरून माणसं थेट आपल्याकडे पाहत असतात. मिशीला पीळ दिलेले आजोबा, ठेवणीतल्या पोशाखातली तरुणी. ऊन-पाऊस झेललेले हे लंबगोल फोटो शंभर वर्षांनंतरही ओळखू येतात.

ही करामत मूळची फ्रान्समधली. १८५४ मध्ये ब्युलो आणि कातँ या दोघांनी चिनी मातीवर फोटो भाजून पक्का करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. रंगीत फोटोतले सेंद्रिय रंग अतिनील किरणांनी तुटतात, फिकटतात. चिनी मातीवरच्या फोटोत मात्र लोह, कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंची ऑक्साइडं असतात. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला झिलई मऊ होते आणि रंगकण तिच्यात कायमचे रुततात. दगड लागला तर तबकडी तडकेल, पण चेहरा उडणार नाही.

थडग्यासाठी असा फोटो करून घ्यायचा तर निवडताना चेहरा मोठा आणि ठळक हवा. लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेलं इवलंसं डोकं मोठं केलं की धूसर होतं. भट्टी ते सुधारत नाही. तरुणपणीचा फोटो लावला म्हणून कुणी हरकत घेऊ नये!

विक्रेत्याला एवढं जरूर विचारावं: चित्र भट्टीत भाजलंय, की नुसतं वरून छापलंय? छापलेलं स्वस्त पडतं, पण उन्हात विटतं.