पाण्यातलं शहर आणि प्यायचं पाणी

व्हेनिस म्हटलं की आपल्या पिढीला आठवतो तो 'द ग्रेट गॅम्बलर'मधला गोंडोला आणि त्यात बसलेले अमिताभ आणि झीनत! युरोपच्या सहलीत आम्हा भिशीच्या सहा मैत्रिणींच्या वाट्याला हे शहर आलं ते अवघ्या एका दिवसासाठी. सकाळी बोटीनं जायचं, संध्याकाळी परत.

शंभराहून जास्त छोट्या बेटांवर वसलेलं हे गाव. गल्ल्यांच्या जागी कालवे आणि त्यांच्यावर चारशेहून अधिक पूल. ना रिक्षा, ना स्कूटर. भाजी बोटीनं येते, कचरा बोटीनं जातो, अॅम्ब्युलन्सही बोटच! १५९१ मध्ये पूर्ण झालेल्या रिआल्टो पुलावर फोटो काढून झाले. गोंडोल्याचं भाडं ऐकून मात्र आम्ही साधी प्रवासी बोट पसंत केली. सहलीला निघण्याआधी एक चौकशी जरूर करा. २०२४ पासून ठरावीक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांना इथे प्रवेशशुल्क सुरू झालं आहे.

फिरता फिरता आमच्यातल्या काकूंनी विचारलं, "अगं, एवढं पाणी, पण सगळं खारट. मग ही माणसं पीत काय होती?"

उत्तर समोरच्या चौकात होतं. मधोमध दगडी कोरीव कठडा, वरून झाकण घातलेला. दिसायला आपल्या वाड्यातल्या आडासारखा. पण याला जमिनीतला झरा नाही. चौक खोल खणायचा, खड्ड्याला चिकणमातीचं अस्तर लावायचं, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. मग त्यात वाळू भरायची. छपरांवरचं आणि फरशीवरचं पावसाचं पाणी वाळूतून गाळून मधल्या विहिरीत उतरायचं. भरतीच्या पाण्यापासून जपायला कठडा उंच चौथऱ्यावर. अशा सहा हजारांहून जास्त विहिरी १८५८ मध्ये मोजल्या गेल्या होत्या. पाऊस कमी पडला की मुख्य भूमीवरून नदीचं पाणी होड्यांनी आणायचं. आपल्या भाषेत टँकरच की!

आणि हे पाणी घरोघरी कोण पोचवायचं? बायकाच! खांद्यावर लाकडी कावड, दोन टोकांना तांब्याच्या बादल्या. पुलांच्या पायऱ्या चढत-उतरत त्या पाणी विकायच्या. त्यातल्या बऱ्याच जणी पोटासाठी दूरच्या फ्रिउली भागातून आलेल्या. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं आणि खांद्यांवरची कावड हळूहळू उतरली. आता चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. आम्हीही बाटल्या भरून घेतल्या.

ते चौक बघताना आपल्याकडच्या हंडा-कळशीच्या रांगा आठवल्याशिवाय कशा राहतील? पाणी कमी पडलं की आधी बाईचीच पायपीट वाढते, मग ती मराठवाड्यातली असो नाहीतर व्हेनिसमधली. फरक एवढाच, की त्या गावानं पावसाचा थेंब वाया जाऊ दिला नाही. आपल्या छपरावरच्या पागोळ्या मात्र सरळ गटारात जातात आणि मार्च उजाडला की आपण टँकरची वाट बघत बसतो.

मैत्रिणींनो, बचतगटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा. छपराला पन्हळ, खाली पाइप, वाळू-खडीचा गाळण-खड्डा आणि ते पाणी आडात किंवा बोअरजवळ मुरवायचं. खर्च वाटून घेतला तर जड जात नाही. एकेका गल्लीनं जरी मनावर घेतलं, तरी येत्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी डोक्यावरचा एक हंडा कमी होईल.