प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा मॅप
विद्यार्थ्यांची नावे एका अ‍ॅरेत, गुण दुसऱ्यात. त्यांतून प्रत्येकाचा हॅशमॅप करून यादीत भरणे हे जावातले नेहमीचे काम. पण मॅप लूपबाहेर एकदाच तयार केला, तर तीन विद्यार्थ्यांच्या यादीत तिन्ही जागी शेवटच्याचेच नाव आणि गुण दिसतात. कारण यादी मॅपची प्रत ठेवत नाही, फक्त संदर्भ ठेवते. एकाच घराचा पत्ता तीनदा लिहिल्याने घरे तीन होत नाहीत. म्हणून लूपच्या प्रत्येक फेरीत नवा मॅप हवा. यात मेमरी वाया जाते, असा आक्षेप घेतला जातो. पण तीन वेगळ्या नोंदी जपायच्या तर तीन मॅप लागणारच. ती उधळपट्टी नव्हे. जुनाच मॅप रिकामा करून पुन्हा भरावा, हा उपायही फसवा आहे, कारण त्याबरोबर यादीतल्या आधीच्या नोंदीही पुसल्या जातात.