परदेशी विधवा आणि कायद्यातून गळालेले शब्द

सोलापूरच्या भैय्या चौकातील कोटणीसांचे घर आज स्मारक होऊन उभे आहे. याच शहरात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. १९४१ मध्ये त्यांनी तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुत्र झाला. त्याच्या 'यिनह्वा' या नावात भारत आणि चीन ही दोन्ही नावे गुंफलेली होती. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डॉक्टरांचे देहावसान झाले. छिंगलानबाईंनी पुढे कोटणीस कुटुंबाशी संबंध राखले, भारताला भेटीही दिल्या; परंतु त्यांचे वास्तव्य चीनमध्येच राहिले आणि २०१२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

या कथेचा गौरव आपण वारंवार करतो. मात्र तिच्यातून उद्भवणारा एक रोखठोक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. भारतीय पतीच्या निधनानंतर त्याच्या परदेशी पत्नीने सासरच्या घरी कायमचे राहावयाचे ठरविले, तर आपला कायदा तिला कोणत्या अधिकाराने राहू देतो? छिंगलानबाईंनी तसा अर्ज केला नव्हता. पण आज सोलापूरच्या एखाद्या कुटुंबात अशी सून असेल, तर तिच्यापुढे हा प्रश्न केवळ काल्पनिक राहात नाही.

ब्रिटिश अमदानीत या प्रश्नाचे उत्तर सोपे होते आणि अपमानास्पदही होते. १९१४ च्या साम्राज्याच्या कायद्यानुसार ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ही ब्रिटिश प्रजाच समजली जाई. अर्ज नको, प्रतीक्षा नको. पण त्याचबरोबर स्त्रीला स्वतःचे असे स्वतंत्र राष्ट्रीयत्व नाही, हेही त्यात गृहीत धरलेले होते. स्वतंत्र भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाने ही आपोआप जडणारी ओळख टाळली आणि नोंदणीचा मार्ग ठेवला. भारतीय नागरिकांशी विवाहित असलेल्या 'किंवा विवाहित राहिलेल्या' स्त्रियांना नोंदणीने नागरिकत्व मिळू शकेल, अशी त्याच्या पाचव्या कलमात तरतूद होती. 'किंवा विवाहित राहिलेल्या' या शब्दांत विधवेचा समावेश होता. त्या तरतुदीत उणीव होती ती दुसरीच. भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीला हा मार्ग खुला नव्हता. १९८६ च्या दुरुस्तीने 'स्त्रिया' ऐवजी 'व्यक्ती' हा शब्द आणून तो अन्याय दूर केला, पाच वर्षांच्या वास्तव्याची अट घातली, आणि विधवेचे स्थान कायम ठेवले.

पुढे २००३ च्या दुरुस्ती अधिनियमाने पाचाची सात वर्षे केली. हा अधिनियम डिसेंबर २००४ मध्ये अंमलात आला. सात वर्षांची चर्चा झाली, तरी त्याच वाक्यातून 'किंवा विवाहित राहिलेल्या' हे शब्द गळाले याकडे फारसे लक्ष गेले नाही. आता कलमात उरले आहे ते एवढेच: भारतीय नागरिकाशी विवाहित 'असलेली' आणि सात वर्षे सामान्यतः भारतात राहिलेली व्यक्ती. लग्नानंतर सहा वर्षे सासरी नांदलेल्या स्त्रीचा पती निवर्तला, तर कलमाच्या शब्दांप्रमाणे तिची ती सहा वर्षे या मार्गापुरती वाया जातात. मूल भारतीय, घर भारतीय, कुंकवामागचे नाते भारतीय. परंतु जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावयाच्या अर्जातील मुख्य रकाना तिला भरता येत नाही.

तिला अन्य वाटा अजिबात नाहीत, असे नव्हे. सर्वसामान्य परकीयाप्रमाणे देशीयकरणाने नागरिकत्व मागण्याचा मार्ग आहे. पण त्यासाठी अर्जापूर्वीचे सलग वर्ष आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षे भारतात काढावी लागतात. दुसरी सोय परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डाची. विवाह नोंदलेला असून अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असेल, तर भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला हे कार्ड मिळते. पाकिस्तान व बांगलादेश यांच्याशी नागरिकत्वाचा संबंध असलेल्यांना मात्र ते मिळत नाही. कार्डधारकाला मतदानाचा अधिकार नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. शिवाय विवाह न्यायालयाने 'किंवा अन्य प्रकारे' संपुष्टात आल्यास कार्ड रद्द करण्याचा अधिकार सरकारकडे आहे. या 'अन्य प्रकारे' शब्दांत मृत्यू मोडतो की नाही, याचा स्पष्ट खुलासा त्या कलमात नाही. दुःखाच्या दिवसांत ज्या स्त्रीला आधाराची गरज, तिला अर्थ लावण्याच्या वादावर विसंबून राहावे लागावे, हे कायद्याला शोभणारे नाही.

येथे अर्थकारणाची एक विसंगती नजरेत भरते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने परदेशी गुंतवणूकदारांसाठी कायम निवासाचा दर्जा देण्याची योजना मान्य केली. अठरा महिन्यांत किमान दहा कोटी, अथवा छत्तीस महिन्यांत पंचवीस कोटी रुपये गुंतवावेत आणि दरवर्षी किमान वीस भारतीयांना रोजगार द्यावा. त्याबदल्यात दहा वर्षांचा, पुढे वाढविता येणारा निवासाधिकार मिळावा, असे तिचे स्वरूप आहे. या योजनेला आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु कायम निवासाची संकल्पना आपल्या व्यवस्थेला परकी नाही, एवढे तिने सिद्ध केले. ज्याने भांडवल गुंतविले त्याच्यासाठी ती आहे. जिने आयुष्य गुंतविले तिच्यासाठी नाही. संसारातील श्रम राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धरले जात नाहीत, तसेच ते निवासाच्या हिशेबातही धरले जात नाहीत.

खोट्या विवाहांच्या आडून घुसखोरी होईल, ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. राष्ट्राच्या सुरक्षिततेचा विचार झालाच पाहिजे. पण त्यासाठी चौकशी आहे, पोलिसांचा अहवाल आहे, वास्तव्याचे पुरावे आहेत. जो विवाह मृत्यूने संपला तो खोटा होता, असे मानण्यास मृत्यू हा पुरावा होऊ शकत नाही.

अमेरिकेतही असाच अन्याय होता. विवाहाला दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी अमेरिकन पती वारला, तर पत्नीचा अर्ज निष्फळ ठरे. या नियमाला तेथे 'विधवादंड' असेच नाव पडले होते. २००९ मध्ये तो कायद्याने रद्द झाला आणि विधवेला दोन वर्षांच्या आत स्वतः अर्ज करण्याची मुभा मिळाली. ब्रिटनमध्येही जोडीदाराच्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला ब्रिटिश जोडीदाराच्या निधनानंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. स्थलांतराच्या बाबतीत कठोर समजल्या जाणाऱ्या देशांना जे परवडले, ते आपल्याला परवडू नये काय?

उपाय अवघड नाही. १९५५ आणि १९८६ च्या कायद्यांत असलेले ते शब्द पाचव्या कलमात पुन्हा घालावेत. पतीच्या अथवा पत्नीच्या मृत्यूपूर्वीचे वास्तव्य सात वर्षांत मोजावे. मृत्यूमुळे कार्ड रद्द होणार नाही, असे निःसंदिग्ध लिहावे. आणि अर्जाच्या निकालाला ठराविक मुदत असावी.

सोलापूर शहराने एका डॉक्टरच्या परदेशी संसाराचा अभिमान आठ दशके बाळगला आहे. त्या संसारातील पत्नीचा मान हारतुऱ्यांनी केला गेला. तसल्याच दुसऱ्या एखाद्या स्त्रीचा मान आता कायद्याने करावा; कारण हार सुकतात, आणि घराच्या उंबऱ्यावर राहण्याचा हक्क मात्र कागदावरच टिकतो.