बेटांवरचे विद्यापीठ आणि आपले विहार

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही गावे मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर आहेत. खामगावला जलंबहून फाटा जातो. पण जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बुलढाण्याला रेल्वे नाही. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा यांनाही नाही. आपले विद्यापीठ अमरावतीला. सिंदखेड राजाच्या पोराला तिथे एका कागदासाठी जायचे म्हटले तर दोनशे किलोमीटरहून अधिक प्रवास, एक दिवसाची मजुरी आणि वर एसटीचे भाडे.

हे झाले रस्त्याचे अंतर. आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो तिथे आणखीही अंतरे आहेत. बारावीनंतर कामासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेल्या मुलाचे अंतर. लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या मुलीचे अंतर. घरात एकच मोबाईल असतो आणि तो भावाच्या खिशात असतो, त्या बहिणीचे अंतर. ‘आता काय, सगळे ऑनलाइन आहे, घरी बसून शिका,’ असे सांगणाऱ्यांना ही अंतरे दिसत नाहीत.

दूरस्थ शिक्षण आणि इंटरनेट यांनी ही अंतरे खरोखर कमी होतात का? होत असतील तर कशामुळे? याचे उत्तर शोधायला एक उदाहरण फार उपयोगी आहे. ते आपल्यापासून खूप लांबचे, प्रशांत महासागरातले आहे.

समुद्रात विखुरलेला वर्ग

‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक’ या विद्यापीठाची स्थापना १९६८ साली झाली. मुख्य ठिकाण फिजीची राजधानी सुवा. हे विद्यापीठ एका देशाचे नाही. १२ देश-प्रदेश मिळून ते चालवतात. फिजी, सामोआ, टोंगा, व्हानुआतू, सॉलोमन बेटे, किरिबाटी, तुवालू, नाऊरू, मार्शल बेटे, कुक बेटे, निउए आणि टोकेलाऊ. यातल्या काहींची लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. स्वतंत्र विद्यापीठ काढणे त्यांना शक्यच नव्हते, म्हणून सर्वांनी मिळून एक काढले. त्याचे क्षेत्र सुमारे ३ कोटी ३० लाख चौरस किलोमीटर आहे आणि त्यात जवळपास सगळा समुद्रच. फिजीत सोमवार उजाडतो तेव्हा कुक बेटांवर रविवार असतो. अशा ठिकाणी एक वर्ग कसा भरवायचा?

पहिला मार्ग टपालाचा होता. छापील धडे बोटीने जायचे, उत्तरे बोटीने परत यायची. त्यात महिने जात.

दुसरा मार्ग आकाशातून आला. अमेरिकेच्या ‘नासा’ने १९६६ साली सोडलेला एटीएस-१ हा उपग्रह आपले मूळ काम संपवून बसला होता. हवाई विद्यापीठाने १९७१ पासून त्याचा शिक्षणासाठी आणि आरोग्यसेवेसाठी उपयोग सुरू केला. त्या प्रकल्पाचे नाव पीससॅट. साध्या, स्वस्त यंत्रांवरून वेगवेगळ्या बेटांवरचे लोक एकमेकांशी बोलू लागले. चित्र नव्हते, फक्त आवाज. एकाने बटण दाबून बोलायचे, तोवर बाकीच्यांनी ऐकायचे. साउथ पॅसिफिक विद्यापीठाने हाच उपग्रह वापरून बेटाबेटांवरच्या विद्यार्थ्यांच्या शिकवण्या घेतल्या. सुव्यातला शिक्षक बोलतोय आणि टोंगातली विद्यार्थिनी प्रश्न विचारतेय, हे इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी घडत होते.

पण उपग्रह उसना होता. १९८५ साली तो जुना होऊन आपल्या जागेवरून सरकला आणि वर्ग बंद पडला. विद्यापीठाने यातून धडा घेतला. २००० साली जपान, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या मदतीने ‘यूएसपीनेट’ हे स्वतःचे उपग्रह-जाळे अद्ययावत केले. त्यावरून आवाज, चित्र आणि इंटरनेट, तिन्ही चालू लागले. पुढे समुद्राखालच्या केबल आल्या. तरी धोका संपला नाही. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळ समुद्रात ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, केबल तुटली आणि सुमारे पाच आठवडे देशाचा केबलवरचा इंटरनेट संपर्क खंडित राहिला.

तंत्रे बदलत गेली: बोट, रेडिओसारखा आवाज, उपग्रह, केबल. एक गोष्ट मात्र टिकली. प्रत्येक सदस्य देशात विद्यापीठाचे स्थानिक केंद्र आहे. तिथे खोली आहे, पुस्तके आहेत, संगणक आहेत, परीक्षा तिथेच होते आणि विद्यार्थ्याला नावाने ओळखणारे माणूस तिथे बसलेले असते. आमच्या मते या विद्यापीठाचे खरे बळ याच केंद्रांत आहे.

आपल्याकडे काय घडले

नासाच्या त्याच मालिकेतला पुढचा उपग्रह, एटीएस-६, भारतानेही एका वर्षासाठी वापरायला घेतला होता. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांमध्ये सामुदायिक दूरदर्शन संच बसवून शेती, आरोग्य आणि शाळेचे कार्यक्रम दाखवले गेले. ‘साइट’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रयोग जगभर नावाजला गेला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. वर्ष संपले, उपग्रह परत गेला. इथेही साधन उसनेच होते.

त्यानंतर भारताने टिकाऊ मार्ग धरला तो मुक्त विद्यापीठांचा. देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघाले. १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या काळात, त्याला डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ असे नाव मिळाले. १९८५ साली दिल्लीत इग्नू स्थापन झाले आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इग्नूचेही झाले. नाशिकच्या विद्यापीठाने स्वतःच्या इमारतींचे जाळे उभारले नाही. गावोगावच्या चालू महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रे काढली आणि तिथल्याच प्राध्यापकांना मार्गदर्शनाचे काम दिले. आपल्या जिल्ह्यातली केंद्रे त्याच्या अमरावती विभागीय केंद्राखाली येतात.

विद्यापीठांनी एकत्र येण्याची दुसरी पायरी इंटरनेटमुळे शक्य झाली. २००३ साली सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटेल’ सुरू केले. मोठ्या संस्थांमधली व्याख्याने सगळ्यांना फुकट पाहता येऊ लागली. २०१७ साली केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठाने मान्यता दिली असेल तर एका सत्रातल्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करून त्यांचे श्रेयांक आपल्या पदवीत धरता येतात. म्हणजे मेहकरच्या महाविद्यालयात शिकणारी मुलगी तिथे शिक्षक नसलेला एखादा विषय दुसऱ्या विद्यापीठाच्या प्राध्यापकाकडून शिकू शकते. व्याख्याने पाहायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क लागते.

कागदावर पाहिले तर आपल्याकडे प्रशांत महासागरातल्या बेटांपेक्षा जास्त सोयी आहेत. तरीही आमच्या वस्त्यांमध्ये मुक्त विद्यापीठात नाव घातलेली किती मुले पदवीपर्यंत पोहोचतात हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात मोजून पाहावे. प्रवेशाच्या वेळी उत्साह असतो. नंतर पुस्तके गुंडाळलेलीच राहतात, गृहपाठाची तारीख निघून जाते, परीक्षेचा अर्ज भरायचा राहतो. मुलगा नापास होत नाही, तो गळतो. आणि गळालेल्याची कुणी नोंद ठेवत नाही.

प्रवेशाआधी हे तपासा

दूरस्थ शिक्षण म्हणजे दुय्यम शिक्षण, हा समज आधी सोडा. आयोगाच्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या समकक्ष धरली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे जाहीरपणे पुन्हा सांगितले. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या आपल्या तरुणांसाठी हे महत्त्वाचे आहे.

पण ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर सगळे अवलंबून आहे. त्या वर्षासाठी, त्या अभ्यासक्रमासाठी संस्थेला मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहा. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, औषधनिर्माण, कायदा यांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने देण्यास परवानगी नाही. ‘घरबसल्या नर्सिंग’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे. २०२४ पासून अशा प्रवेशांसाठी ‘डीईबी आयडी’ काढावा लागतो आणि त्याआधी श्रेयांक बँकेचा, म्हणजे ‘एबीसी’चा क्रमांक. दोन्ही स्वतः मोबाईलवर काढता येतात, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. शिष्यवृत्ती आणि शुल्कसवलतीचे नियम बदलत असतात. प्रवेशाआधीच समाजकल्याण कार्यालयात आणि अभ्यासकेंद्रात लेखी विचारणा करा.

विहारात केंद्र, केंद्रात माणूस

आता मूळ मुद्द्यावर येऊ. बेटांना जे केंद्र बांधावे लागले ते आपल्या वस्त्यांमध्ये बहुधा आधीच उभे आहे. बुद्ध विहार. त्याला छप्पर आहे, वीजजोडणी आहे, लोकांचा विश्वास आहे. वर्षातून जयंती, बुद्धपौर्णिमा, वर्षावास, धम्मचक्र प्रवर्तन दिन एवढ्यापुरते ते भरते. उरलेल्या संध्याकाळी कुलूप असते.

विहार म्हणजे विद्यापीठाचे अधिकृत अभ्यासकेंद्र नव्हे. त्याला नियम आहेत, ते महाविद्यालयातच राहील. पण अधिकृत केंद्र आणि विद्यार्थ्याचे घर यांच्यामधली पायरी विहार होऊ शकते. त्यासाठी फार पैसा लागत नाही.

पहिले, यादी. वस्तीतले कोण कुठल्या विद्यापीठात शिकते, गृहपाठाची आणि परीक्षा अर्जाची तारीख कोणती, हे एका वहीत लिहा आणि तारखा फळ्यावर लावा. गळती इथेच निम्मी थांबेल, असे आम्हाला वाटते.

दुसरे, ठरलेली वेळ. आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन तास विहार अभ्यासासाठी उघडे. त्यातली एक वेळ फक्त मुलींसाठी आणि दिवेलागणीच्या आधीची, म्हणजे घरचे अडवणार नाहीत.

तिसरे, सामायिक साधन. एक इंटरनेट जोडणी, एक-दोन जुने लॅपटॉप. व्याख्याने एकदा उतरवून ठेवली तर वीज आणि नेटवर्क असेल तेव्हा पुन्हा पुन्हा पाहता येतात. छापील पुस्तकांचा संच मात्र हवाच. टोंगाची केबल तुटली, आपल्याकडे वादळाने खांब पडतो. दोन्ही वेळी पुस्तकच कामी येते.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, माणूस. पदवीधर झालेल्या एका ताई-दादाने पाच विद्यार्थ्यांची जबाबदारी घ्यावी. शिकवता आले नाही तरी चालेल. ‘या आठवड्यात काय वाचलेस?’ एवढे विचारणारे कुणीतरी हवे. पुण्याला कामावर असलेल्या मुलाला हाच प्रश्न फोनवर विचारता येतो.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याचे आयुष्य जसे आहे तसे गृहीत धरून शिक्षणाची वेळ ठरवायची, हा त्यामागचा विचार होता. मुक्त विद्यापीठाची कल्पना त्याच वाटेवरची आहे.

या वर्षीचे प्रवेश सुरू होण्याआधी आपल्या विहार समितीची एक बैठक बोलवा. विषयपत्रिकेवर एकच विषय ठेवा: मागच्या तीन वर्षांत आपल्या वस्तीतून कोण-कोण शिक्षणातून गळाले. नावे वाचून दाखवा आणि त्यातले कोण परत येऊ शकते ते ठरवा.

जयभीम, नमो बुद्धाय.