द गॉडफादर चित्रपटाची निर्मिती

द गॉडफादर हा फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी दिग्दर्शित केलेला आणि इ.स. १९७२ मध्ये प्रदर्शित झालेला अमेरिकन गुन्हेगारीपट आहे. मारिओ पुझो यांच्या १९६९ सालच्या त्याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला असून पटकथा पुझो व कोपोला यांनी मिळून लिहिली. मार्च ते ऑगस्ट १९७१ या काळात मुख्यतः न्यू यॉर्क परिसरात आणि काही अंशी सिसिलीत त्याचे चित्रीकरण झाले. या चित्रपटाचे पडद्यामागील किस्से इतक्या वेळा सांगितले गेले आहेत की तो योगायोगांतूनच घडला असा समज व्हावा. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक गाजलेल्या गोष्टी दिग्दर्शक आणि पॅरामाउंट स्टुडिओ यांच्या भांडणातून पडद्यावर आल्या.

पार्श्वभूमी

पुझो जुगाराच्या कर्जात बुडालेले असताना पॅरामाउंटने त्यांच्या सुमारे साठ पानांच्या अपूर्ण हस्तलिखितावर अल्प मोबदल्यात हक्क सांगून ठेवला होता. कादंबरी पुढे तुफान खपली, तरी स्टुडिओचा उत्साह बेताचाच होता. माफियांवरचा त्यांचाच द ब्रदरहूड हा चित्रपट १९६८ मध्ये साफ पडला होता. त्यामुळे खर्च वाचवण्यासाठी कथानक समकालीन काळात आणावे आणि न्यू यॉर्कचा खर्च टाळावा, असा स्टुडिओचा आग्रह होता. अनेक नामवंत दिग्दर्शकांनी नकार दिल्यावर तिशीतल्या कोपोलांकडे काम आले. त्यांची स्वतःची संस्था तेव्हा कर्जात होती, म्हणून नाइलाजाने त्यांनी ते स्वीकारले. स्वीकारल्यावर मात्र चाळीसच्या दशकाचा काळ आणि न्यू यॉर्क या दोन गोष्टींवर ते अडून बसले. परिणामी मूळचे सुमारे २५ लाख डॉलरचे अंदाजपत्रक ६० लाखांच्या पुढे गेले.

पात्रनिवड

व्हिटो कॉर्लिओनेच्या भूमिकेसाठी मार्लन ब्रँडो यांचे नाव काढताच स्टुडिओप्रमुखांनी विषय बंद केला होता. ब्रँडो चित्रीकरण लांबवतात, अशी त्यांची ख्याती होती. कोपोलांनी हट्ट सोडला नाही तेव्हा तीन अटी पुढे आल्या: कमी मानधन, स्क्रीन टेस्ट आणि विलंबाच्या नुकसानीची हमी. एवढ्या मोठ्या नटाकडे चाचणी मागायची कशी, हा प्रश्न होताच. कोपोला छोटा कॅमेरा घेऊन, रंगभूषा पाहून ठेवू या अशा निमित्ताने त्यांच्या कॅलिफोर्नियातील घरी गेले. ब्रँडोंनी केसांना बुटाचे काळे पॉलिश लावले, गालांत कागदी रुमालाचे बोळे कोंबले आणि पन्नाशीही न गाठलेला तो माणूस कॅमेऱ्यासमोर वृद्ध झाला. प्रत्यक्ष चित्रीकरणात बोळ्यांच्या जागी दातांवर बसवायचा खास साचा वापरला गेला. तो आज न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेजमध्ये आहे. चित्रपटात कापूस वापरल्याची जी गोष्ट सांगितली जाते, ती या दोन प्रसंगांची सरमिसळ आहे.

मायकेलच्या भूमिकेत अल पचिनो स्टुडिओला अजिबात नको होते. ते बुटके व अपरिचित असल्याची तक्रार होती. त्यांनी दुसऱ्या एका चित्रपटाचा करारही केला होता. त्यातून ते सुटले आणि ती जागा रॉबर्ट डी नीरो यांना मिळाली. त्यासाठी डी नीरो यांनी द गॉडफादरमधील एक लहान भूमिका सोडली. पुढे दुसऱ्या भागात (१९७४) तरुण व्हिटो साकारून त्यांनी ऑस्कर मिळवले.

लूका ब्राझीची भूमिका करणारे लेनी मोंटाना हे माजी कुस्तीगीर. ब्रँडोंसमोर उभे राहताच ते संवादांत अडखळू लागले. कोपोलांनी ते अडखळणे तसेच ठेवले आणि लूका डॉनला भेटण्यापूर्वी आपले वाक्य घोकत बसला आहे, असे दृश्य नंतर चित्रित करून जोडले.

उपाहारगृहातील दृश्य

चित्रीकरण सुरू होऊनही पचिनोंना, आणि स्वतः कोपोलांनाही, काढून टाकण्याचे विचार चालू होते. कोपोलांच्या जागी इलिया कझान येणार अशी वदंता चित्रणस्थळी पसरली होती. कोपोला गेले तर मीही जाईन, असे ब्रँडोंनी बजावले. अशा वेळी मायकेल सोलोत्झो व पोलीस कप्तान मॅकक्लस्की यांना गोळ्या घालतो ते दृश्य पडद्यावर पाहून स्टुडिओचे अधिकारी निवळले आणि पचिनोंचे स्थान पक्के झाले.

हे दृश्य ब्राँक्समधील एका छोट्या उपाहारगृहात चित्रित झाले. त्यातील इटालियन संभाषणाला उपशीर्षके नाहीत, आणि प्रेक्षकाला ती नसल्याची उणीव भासत नाही, कारण लक्ष पचिनोंच्या डोळ्यांवरच खिळलेले असते. गोळीबारापूर्वी संगीतही नाही. ध्वनीचे काम पाहणाऱ्या वॉल्टर मर्च यांनी त्याऐवजी उन्नत मार्गावरील रेल्वेचा खडखडाट वाढवत नेला. रेल्वे दिसत नाही, तिचा उल्लेखही होत नाही. तो आवाज मायकेलच्या डोक्यातला आहे. पिस्तूल खाली पडल्यानंतरच वाद्यवृंद सुरू होतो.

छायाचित्रण

गॉर्डन विलिस यांनी दिवे बहुतांशी डोक्यावरून सोडले. ब्रँडोंच्या रंगभूषेला ते सोयीचे होते. मात्र डॉनचे डोळे त्यामुळे सावलीत गेले. नटाचे डोळे दिसलेच पाहिजेत हा हॉलीवूडचा जुना दंडक होता, म्हणून स्टुडिओ अस्वस्थ झाला. कोपोला आणि विलिस यांचेही खटके उडत, तरी दुसऱ्या भागासाठी दोघे पुन्हा एकत्र आले. पहिल्या दृश्यातील मांजर पटकथेत नव्हते. स्टुडिओत भटकणारे ते मांजर कोपोलांनी ब्रँडोंच्या हाती दिले. ते इतके गुरगुरले की काही संवाद ऐकू येईनात.

माफियांशी समझोता

निर्माते अल्बर्ट रडी यांच्यापुढील अडचण वेगळ्याच जातीची होती. जोसेफ कोलंबो यांनी स्थापन केलेल्या इटालियन-अमेरिकन नागरी हक्क संघटनेने चित्रपटाला विरोध केला. समाजाची बदनामी होते, हा तिचा आक्षेप होता. खुद्द कोलंबो न्यू यॉर्कमधील एका माफिया टोळीचे प्रमुख मानले जात. धमक्या आल्या आणि चित्रीकरणासाठी जागा मिळणे कठीण झाले. रडींनी कोलंबोंची भेट घेऊन पटकथेतून ‘माफिया’ हा शब्द काढण्याचे मान्य केले. मुळात तो फारसा नव्हताच, त्यामुळे रडींचे जवळजवळ काहीच गेले नाही आणि विरोध मावळला. २८ जून १९७१ रोजी कोलंबस सर्कल येथे संघटनेच्या मेळाव्यात कोलंबोंवर गोळ्या झाडण्यात आल्या. पॅरामाउंटच्या पालक कंपनीची इमारत तिथेच होती आणि चित्रीकरण अद्याप चालू होते. कोलंबो वाचले, पण विकलांग झाले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

अन्य नोंदी

वोल्ट्झच्या बिछान्यात सापडणारे घोड्याचे डोके खरे होते. कुत्र्यांचे खाद्य बनवणाऱ्या कारखान्यातून ते आणले होते. सनीची हत्या लाँग आयलंडवरील जुन्या विमानतळाच्या जागेत टोलनाका उभारून चित्रित केली. जेम्स कान यांच्या कपड्यांखाली शंभराहून अधिक छोट्या स्फोटक पुड्या बांधल्या होत्या. नामकरण विधीतील बाळ म्हणजे कोपोलांची नुकतीच जन्मलेली कन्या सोफिया. कॉनीची भूमिका करणाऱ्या टालिया शायर या त्यांच्या भगिनी होत. बागेत व्हिटो व मायकेल बोलत बसतात ते दृश्य श्रेयनामावलीत नसलेल्या रॉबर्ट टाऊन यांनी लिहिले. कोपोलांनी ऑस्कर स्वीकारताना त्यांचे आभार मानले.

चित्रपटाच्या लांबीचे श्रेय मात्र वादग्रस्त आहे. आपणच कापलेला भाग परत घालायला लावला, असे निर्मितीप्रमुख रॉबर्ट इव्हान्स सांगत. कोपोलांना हे मान्य नाही.

पुरस्कार आणि प्रभाव

मार्च १९७३ मध्ये चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, अभिनेता आणि रूपांतरित पटकथा ही ऑस्कर पारितोषिके मिळाली. ब्रँडोंनी आपले पारितोषिक नाकारले. दिग्दर्शनाचे पारितोषिक कॅबरेसाठी बॉब फॉसी यांना गेले. नीनो रोटा यांच्या संगीताचे नामांकन मागे घेण्यात आले, कारण त्यातील प्रेमाची धून त्यांनी १९५८ च्या फॉर्चुनेल्ला या चित्रपटात आधी वापरली होती. तीच धून दुसऱ्या भागातही आहे आणि त्या भागाच्या संगीताला ऑस्कर मिळाले. भारतात फिरोज खान यांचा धर्मात्मा (१९७५) आणि मुंबईत घडणारा राम गोपाल वर्मा यांचा सरकार (२००५) हे चित्रपट या कथेवरून प्रेरित आहेत.