वापरलेला उंची सीडी प्लेअर : भरवसा कशाचा धरावा?

१ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा ‘सीडीपी-१०१’ हा सीडी प्लेअर जपानच्या बाजारात १,६८,००० येन किमतीला विक्रीस आला, आणि पुढच्या पाव शतकात जपान, नेदरलँड्स, ब्रिटन, अमेरिका व स्वित्झर्लंड येथील कंपन्यांनी या यंत्राच्या एकाहून एक उंची आवृत्त्या घडवल्या. श्रोते संगणकावरील आणि इंटरनेटवरील संगीताकडे वळले, स्कॉटलंडच्या लिन कंपनीने २००९ साली सीडी प्लेअरचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले, आणि एकेकाळी केवळ श्रीमंत शौकिनांना परवडणारी यंत्रे जुन्या मालाच्या बाजारात मूळ किमतीच्या अंशात मिळू लागली. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या मराठी घरांत या यंत्रांची ओढ अजून टिकून आहे, त्याला सबळ कारण आहे : एलपीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांत आटोपता घ्यावा लागणारा ख्याल ७४ मिनिटांच्या सीडीवर सलग ऐकता येऊ लागला, आणि त्या काळी हौसेने जमवलेल्या सीडी आजही अनेक कपाटांत उत्तम स्थितीत आहेत. त्या वाजवण्यासाठी वापरलेले उंची यंत्र घ्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे, मात्र अशा यंत्राचा टिकाऊपणा त्याच्या नावावर, वजनावर वा मूळ किमतीवर ठरत नसून तबकडी वाचणाऱ्या एका लहानशा भागावर, आणि तो भाग आज मिळतो की नाही यावर ठरतो, ही गोष्ट व्यवहारापूर्वी नीट समजून घेतली पाहिजे.

हा भाग म्हणजे लेझर पिकअप. बारा सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर आतून बाहेर उलगडत जाणाऱ्या सर्पिल मार्गाची लांबी पाच किलोमीटरहून अधिक असते आणि त्याच्या लगतच्या दोन वेढ्यांत केवळ १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजारांश भागाच्या सुमारे दीडपट एवढेच अंतर असते. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेझर किरण एका चिमुकल्या भिंगातून या मार्गावर पाडला जातो आणि परत येणाऱ्या प्रकाशातील चढउतारांवरून ध्वनीचे अंक वाचले जातात. फिरताना तबकडी किंचित वरखाली डोलत असल्यामुळे नाजूक तारांवर वा पट्ट्यांवर तोललेले भिंग विद्युतचुंबकाच्या साह्याने सतत तिच्या मागोमाग हलवावे लागते; हे काम करणाऱ्या यंत्रणेला सर्व्हो म्हणतात. याशिवाय, वाचनाचा वेग कायम राखण्यासाठी तबकडीच्या आतल्या भागात मोटर मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, तर बाहेरच्या कडेला पोहोचेपर्यंत हा वेग सुमारे २०० फेऱ्यांवर उतरतो. म्हणजे लेझर, भिंग, भिंगाची तोलणी, पिकअप सरकवणारी गाडी आणि मोटर असे झिजणारे अनेक घटक एकाच ठिकाणी एकवटलेले असतात, आणि त्यांपैकी एक जरी शिथिल झाला तरी त्याचा भार बाकीच्यांवर पडतो.

येथेच खरेदीदाराची सर्वांत मोठी फसगत होते. सीडीवरील माहिती अशा गणिती पद्धतीने विखरून लिहिलेली असते की मार्गावरील सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुकडा वाचता आला नाही तरी प्लेअर उरलेल्या माहितीवरून तो जसाच्या तसा पुन्हा उभा करतो, आणि त्याहून मोठी तूट पडली तर आजूबाजूच्या मूल्यांवरून अंदाजाने भरून काढतो. या दोषनिवारणामुळे ओरखडे पडलेली सीडीही सुरेल वाजते हे खरे, पण त्याचमुळे थकत चाललेला पिकअप आपला थकवा कानाला जाणवू देत नाही. कॅसेट प्लेअर बिघडू लागला की आवाज आधी मंदावतो, दबतो, आणि ऐकणाऱ्याला सूचना मिळते. सीडी प्लेअर मात्र बऱ्याचदा जवळपास अखेरपर्यंत निर्दोष गातो आणि मग एके दिवशी तबकडी ओळखण्यासच नकार देतो. म्हणून दुकानात किंवा विक्रेत्याच्या घरी दहा मिनिटे गाणे ऐकून ‘यंत्र चांगले आहे’ असा निष्कर्ष काढण्यात काहीही अर्थ नाही.

पिकअपची खरी अवस्था कळण्याचा विश्वासार्ह मार्ग मोजमापाचा आहे. सोनीच्या अनेक पिकअपवर एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली असते आणि तिच्यावरील अंकांतील शेवटचे तीन आकडे त्या लेझरचा कारखान्यातील विद्युतप्रवाह दाखवतात. ४८३ असे छापले असेल तर तो ४८.३ मिलिअँपिअर समजावा. लेझर डायोड जसजसा वयस्क होतो तसतसा तेवढाच प्रकाश देण्यासाठी त्याला अधिक प्रवाह लागतो, आणि प्लेअरमधील नियंत्रक मंडल तो निमूटपणे पुरवत राहते. त्यामुळे प्रत्यक्ष मोजलेला प्रवाह छापील आकड्यापेक्षा बराच वर गेलेला आढळला तर लेझरचे थोडेच दिवस उरले आहेत असे धरून चालावे. जाणता तंत्रज्ञ याच्या जोडीला ऑसिलोस्कोपवर पिकअपमधून येणारा संकेत पाहतो. त्याच्या रेषा एकमेकींवर पडून मधोमध पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराच्या स्वच्छ मोकळ्या जागा दिसल्या, तर वाचन निकोप आहे. या आकृतीला आय पॅटर्न म्हणतात. पिकअपवर प्रकाश कमीजास्त करणारा एक बारीक स्क्रूही असतो, आणि तो फिरवून मरणपंथाला लागलेल्या लेझरकडून काही काळ काम करून घेणे ही जुन्या मालाच्या व्यापारातील सर्रास चालणारी गोष्ट आहे. अशा यंत्रात विक्रीच्या दिवशी कोणताच दोष दिसत नाही, म्हणून ‘नुकतेच सर्व्हिसिंग झाले आहे’ या वाक्यावर समाधान न मानता नेमके काय बदलले, याची पावती मागावी.

भाग मिळण्याचा प्रश्न याहूनही कळीचा आहे, आणि त्यात किमतीचा न्याय बऱ्याचदा उलटा लागतो. सोनीचा केएसएस-२१३ हा पिकअप साध्या स्टिरिओ संचांतही इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरला गेला की त्याचे पर्यायी भाग अजूनही सहज मिळतात, जरी त्यांची प्रत एकसारखी नसली तरी. याउलट टिॲक कंपनीने १९८७ साली एसोटेरिक पी-१ या यंत्रातून पुढे आणलेली व्हीआरडीएस ही रचना पाहावी : तीत तबकडी स्वतःएवढ्याच व्यासाच्या जड चकतीला घट्ट दाबून बसवली जाते, त्यामुळे तिचे डोलणे आटोक्यात राहते आणि सर्व्होचे श्रम वाचतात. अभियांत्रिकी म्हणून ही रचना अत्यंत देखणी आहे. मात्र व्हीआरडीएस-१० सारख्या यंत्रांत असलेला केएसएस-१५१ए पिकअप कधीच बंद झालेला आहे. फिलिप्सच्या सुरुवातीच्या सीडीएम मालिकेत भिंग एका झुलत्या हातावर बसवलेले असे, दंतचक्रे जवळपास नसत आणि त्यांपैकी कित्येक यंत्रणा चार दशकांनंतरही चालू आहेत, तर पुढच्या सीडीएम-१२ मध्ये प्लास्टिकचा बराच वापर झाला, आणि तरीही ती अनेक महागड्या प्लेअरांच्या पोटात बसली. उंची यंत्रांसाठी खास बनवलेली सीडीएम-प्रो २ ही यंत्रणा ऑडिओ रिसर्च कंपनीच्या सीडी३ या प्लेअरमध्ये आहे, आणि तिचेही उत्पादन संपलेले आहे. यावरून निघणारा नियम सरळ आहे : पसंत पडलेल्या प्लेअरचे नाव कळताच आत कोणता पिकअप आहे हे शोधावे, आणि तो मिळत नसेल तर किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी हात आखडता घ्यावा. ज्या प्लेअरला बाहेरून डिजिटल संकेत घेण्याची सोय आहे, त्याचा वाचक बंद पडला तरी आतील डॅक, म्हणजे अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारा भाग, उपयोगात राहतो; तेवढ्या मर्यादेत अशा यंत्राबाबत धोका पत्करता येईल.

इलेक्ट्रॉनिक मंडले त्या मानाने दणकट असतात, तरी दोन दोष ठाऊक असावेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस व १९९० च्या दशकाच्या आरंभी वापरलेल्या पृष्ठभागावर डाख देऊन बसवण्याच्या लहान इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांतून द्रव पाझरतो आणि खालचे तांब्याचे मार्ग खातो. झाकण उघडल्यावर मासळीसारखा वास आला किंवा मंडलावर काळपट डाग दिसले, तर ते याचेच लक्षण होय. फिलिप्सच्या सीडी१०४ सारख्या सुरुवातीच्या यंत्रांत मंडलाच्या दोन बाजू जोडणारे बारीक रिव्हेट कालांतराने संपर्क सोडतात आणि ते सर्व पुन्हा डाख देऊन पक्के करावे लागतात. ट्रेचा रबरी पट्टा सैल होणे किंवा वंगण सुकणे या गोष्टींना मात्र घाबरण्याचे कारण नाही, कारण त्यांवरचा इलाज स्वस्त आहे.

महाराष्ट्राच्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. मुंबई-कोकणातील पावसाळी दमटपणात महिनोन् महिने बंद पडून राहिलेल्या यंत्राच्या भिंगावर बुरशीचा पातळ थर चढतो आणि जोडण्यांवर गंज धरतो, त्यामुळे रोज वाजणारा प्लेअर ‘न वापरलेल्या’ प्लेअरपेक्षा अधिक भरवशाचा ठरू शकतो. भिंग पुसायचे झाल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलचा नुसता ओलावा पुरतो. ॲसिटोनसारखे जहाल द्रावक प्लास्टिकच्या भिंगाची नासाडी करते. खास जपानी बाजारासाठी बनलेली यंत्रे १०० व्होल्टवर चालतात, तर आपल्याकडे सर्रास मिळणारे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्ट देतात, आणि हा दहा टक्क्यांचा फरक वर्षानुवर्षे आतील उष्णता वाढवत राहतो. नेमके १०० व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर मुद्दाम बनवून घेण्याचा खर्च किमतीत धरलाच पाहिजे.

प्रत्यक्ष तपासणीस जाताना सत्तर मिनिटांहून मोठी, सुस्थितीतील सीडी सोबत न्यावी. यंत्र दोन तास चालवून चांगले तापू द्यावे, मग पहिल्या गाण्यावरून थेट शेवटच्या गाण्यावर आणि परत असे अनेकदा जावे. पहिल्या गाण्यापाशी अडखळल्यास मोटरवर संशय घ्यावा, कारण तेथे तिचा वेग सर्वाधिक असतो, आणि कडेच्या गाण्यांवर अडखळल्यास गाडी किंवा भिंगाची तोलणी थकली आहे असे समजावे. रिमोट आणि वरून सीडी ठेवण्याच्या यंत्रांतील चुंबकी दाबचकती सोबत मिळते की नाही, हे विचारायला विसरू नये, कारण चकतीवाचून तसे यंत्र चालतच नाही. प्लेअर गावाहून गावी पाठवायचा असेल आणि त्याच्या तळाला वाहतुकीचे स्क्रू असतील, तर ते आवळूनच पाठवण्याचा आग्रह धरावा. पिकअप अजून मिळतो, लेझरचा प्रवाह मोजलेला आहे आणि दुरुस्त करणारा माणूस आपल्या शहरात आहे, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पैसे मोजावेत. आणि तेव्हाही एका नव्या पिकअपची किंमत बाजूला ठेवून, तो भाग बाजारात आहे तोवर विकत घेऊन ठेवावा.