मास्क ‘मस्ट’ की ऐच्छिक? टोपेंना खुलासा का करावा लागला, अन् विज्ञान नेमकं काय सांगतं?

जून २०२२ चा पहिला आठवडा. राज्यात कोविड रुग्ण पुन्हा वाढू लागले होते. आरोग्य विभागाचे अतिरिक्त मुख्य सचिव डॉ. प्रदीप व्यास यांनी जिल्ह्यांना पत्र पाठवलं: रेल्वे, बस, शाळा, कार्यालयं अशा बंदिस्त ठिकाणी मास्क ‘मस्ट’. दोनच महिन्यांपूर्वी, गुढीपाडव्याला, मास्क ऐच्छिक झाला होता. सक्ती परतल्याच्या बातम्या झळकताच तत्कालीन आरोग्यमंत्री आणि जालना जिल्ह्यातील घनसावंगीचे तेव्हाचे आमदार राजेश टोपे यांनी खुलासा केला: ‘मस्ट’ म्हणजे सक्ती नव्हे, आवाहन.

तेव्हा यावर विनोद झाले. पण मास्कचा वैज्ञानिक वादही इथेच अडतो. मास्क घालणं वेगळं, ‘घाला’ असं सांगणं वेगळं.

डेन्मार्कमध्ये काय आढळलं?

२०२० मध्ये सुमारे ६ हजार लोकांपैकी निम्म्यांना घराबाहेर मास्क वापरायला सांगितलं. संसर्ग त्यांच्यात १.८ टक्के, इतरांत २.१ टक्के. फरक ठोस म्हणावा इतका नव्हता. मास्कविरोधकांनी हाच आकडा उचलला. मात्र सूचनेप्रमाणे मास्क वापरल्याचं सांगणारे फक्त ४६ टक्के होते. शिवाय घालणाऱ्यामुळे इतरांचा बचाव होतो का, हे तपासलंच नव्हतं.

मग बांगलादेशात?

६०० गावं, ३ लाख ४० हजारांहून अधिक लोक. मास्क फुकट वाटले, वारंवार आठवण करून दिली. नीट वापर १३ वरून ४२ टक्क्यांवर गेला. म्हणजे तरीही निम्म्याहून अधिक चेहरे उघडेच! सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी घटला, साठीपुढच्यांत ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा परिणाम स्पष्ट दिसला नाही.

‘मास्क फेल’ कुठून आलं?

जानेवारी २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यातून. अनेक चाचण्या एकत्र पाहता फारसा फरक दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मार्चमध्ये कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनीच स्पष्ट केलं: ‘मास्क निरुपयोगी’ हा अर्थ चुकीचा, आढावा मास्कच्या प्रचाराचा परिणाम पाहत होता.

कापडाचं गणित त्यामानाने सोपं. एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. हनुवटीवर लटकवलेल्याचा हिशेब शून्य.

राज्यात मार्च २०२१ मध्ये विनामास्क फिरणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरला होता. अशा दंडाने संसर्ग किती घटतो, हे मात्र डेन्मार्क किंवा बांगलादेशच्या चाचणीत तपासलेलं नव्हतं.